साडेचार मिनिटं

माझं झेरॉक्सचं दुकान कॉलेज रोडला.
काउंटरवरून माझ्या कॉलेजचं गेट दिसतं,
आणि चौक ओलांडला की ते.
त्यांचं नाव मी घेत नाही.
आमच्या पोरींना पानाला रुपया,
त्यांच्या पोरींना दीड.
कुणी विचारलंच तर, टोनर महागलाय.

खांब सोडून सोळा वर्षं झाली,
पण नाशकात थंडी उतरली की डावा गुडघा
तो अंतिम सामना पहिल्यापासून खेळायला घेतो.
त्यांच्या रजनी पिंगळेनं सूर मारला होता,
मी वळले,
गुडघा वळला नाही.

डिसेंबरात निमंत्रितांची स्पर्धा लागली, मैदान पंचवटीत.
नगरकडून शेवगावचा संघ आला, एसटीनं,
बारा पोरी, दोन पाण्याचे जार,
धडक्यात बांधलेल्या भाकरी.
चपला त्यांनी कडेला अशा ओळीत लावल्या
की पंचांनी शिट्टी फुंकण्याआधी
दोनदा तिकडं पाहिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला हरवलं.
एका डावानं. पोटात खड्डा पडला, खोटं कशाला बोलू.
दुसऱ्या दिवशी त्यांची गाठ चौकापलीकडच्यांशी.
मी शटर अर्धं ओढलं,
रिक्षा केली,
आणि केवळ दुसऱ्याचं नाक कापलेलं बघायला गेले.

दहातोंडे नावाची पोर आत आली.
काडी. वेणी दुमडून बांधलेली.
एक मिनिट.
दोन.
ती पळत नव्हती फार,
दोघींच्या मधल्या फटीतून
घरात जावं तशी जात होती,
आणि खांबाजवळ आली की थांबायची,
जणू म्हणायची, ये गं, घाई नाही.
तीन मिनिटांनी माझा द्वेष संपला.
म्हणजे आठवेचना, मी कोणाची हार बघायला आलेय.
साडेचारला तिची बोटं रेषेबाहेर टेकली,
पंचांना दिसलं नव्हतं,
तिनंच हात वर केला.

मी उभी राहून टाळ्या वाजवत होते.
शेजारी कुणीतरी आणखी जोरात.
पाहिलं तर रजनी पिंगळे.
केस पिकलेत. चष्मा लागलाय.
तिचंच कॉलेज हरत होतं समोर.
‘काय पोर आहे,’ ती म्हणाली.
‘हो ना,’ मी म्हटलं.
सोळा वर्षांत आमचं झालेलं बोलणं एवढंच.

खो-खोत आठ जणी एका रांगेत बसतात,
पण एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं.
तशी आमची दोन कॉलेजं.
एकच बसस्टॉप, एकच मिसळवाला,
बक्षिसाची ढालही आलटून पालटून एकच.
शेवगावशी माझं भांडण कशावरून असणार?
त्यांची आई माझ्या आईशी नळावर भांडलेली नाही.
लांबच्याला मोठं म्हणायला
पदरचं काही जात नाही.
तेवढ्यापुरत्या त्या बाकावर
आम्ही दोघी एका दिशेला तोंड करून बसलो,
इतकंच.

सकाळी पेपरात दहातोंडेचा फोटो आला,
अर्ध्या तळहाताएवढा, हवेत, चेहरा पुसट.
मी तो मोठा केला, काचेजवळ चिकटवला,
आमच्या संघाच्या जुन्या फोटोशेजारी.
दुपारी पिंगळे आली.
काचेकडं बोट दाखवलं. ‘याची एक काढ.’
काढली. गडद केली थोडी, चेहरा दिसावा म्हणून.
‘किती?’
‘रुपया.’
तिनं दोनाचं नाणं ठेवलं,
मी एक परत दिला,
तिनं तो मोजून घेतला.

सोमवारी त्यांच्या पोरी आल्या, नोट्सची चळत घेऊन.
‘ताई, पानाला किती?’
दीड, म्हटलं.
टोनर महागलाय.